एक ओळ कमी

थोरली एकोणीस वर्षं एकाच फोनवर बसली होती. रुग्णालय सात मजली, बाराशे माणसांचं. त्यातल्या कुणाचाही संगणक अडला, प्रिंटर रुसला, पासवर्ड विसरला की फोन वाजायचा तो तळघरातल्या मदत कक्षात, तिच्या टेबलावर. खोलीला खिडकी एकच, तीही छताला टेकलेली. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. थोरलीला मात्र तिथे कधी कोंडल्यासारखं झालं नाही. फोन उचलला की ती आवाजावरून माणूस ओळखायची आणि माणसावरून बिघाड.

"चौथ्या मजल्यावरून ना? माउस हलत नाही? त्याच्या वायरवर फाइलींचा गठ्ठा ठेवलाय का बघा."

पलीकडे हसू. "ताई, तुम्हाला दिसतं की काय तिथून!"

सगळं रुग्णालय तिला ताई म्हणायचं, वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. लग्न तिने केलं नव्हतं. का, हे विचारायचं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. घरी ती आणि आई, दोघीच. 'ताई, तुम्ही होतात म्हणून निभावलं' हे दिवसातून पाच-सात वेळा कानावर पडलं की संध्याकाळी जिना चढून बाहेर येताना तिला भूकही लागलेली नसायची.

संगणक विभागाच्या प्रमुखांना सगळे पाठीमागे मीटिंगसाहेब म्हणत. ते एकदा दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात खाली आले.

"ताई, गेल्या महिन्यात अठराशे फोन आले. त्यातले सहाशे नुसते पासवर्ड विसरल्याचे. माणसं फोन धरून ताटकळत बसतात. आता आपण पोर्टल करायचं. ज्याचं त्याने आपल्या संगणकावर उघडायचं, अडचण लिहायची, उपाय वाचायचा आणि आपलं आपण दुरुस्त करायचं. नाहीच जमलं तर तिथेच तक्रार नोंदवायची. बांधायला बाहेरचं कुणीतरी शोधतोय."

"माझी धाकटी बहीण हेच काम करते," थोरली म्हणून गेली.

म्हणाली ती मिरवायलाच. धाकटी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, दुसऱ्या शहरात नोकरीला. थोरलीच्या मनात ती अजून शाळेत डबा विसरून जाणारी मुलगीच होती. साहेब 'अरे वा' म्हणतील आणि विषय संपेल, असं तिला वाटलं होतं. साहेबांनी नंबर घेतला. चौघांच्या मुलाखती घेतल्या आणि निवडलं धाकटीलाच. सहा महिन्यांचं काम ठरलं. राहायचं अर्थातच ताईकडे.

"अर्थातच," आई म्हणाली, आणि त्याच दुपारी तिने थोरलीच्या कपाटातले दोन खण रिकामे करून टाकले.

धाकटी आली आणि संगणकासमोर बसलीच नाही. पहिले तीन आठवडे ती सात मजले पायी फिरली. नर्सच्या शेजारी स्टुलावर बसायची, कारकुनाच्या खांद्यावरून डोकावायची आणि सगळ्यांना एकच विचारायची, "हे बिघडलं की तुम्ही काय म्हणता? अगदी तोंडातून निघतं तसं सांगा." उत्तरं ती कार्डांवर लिहून घ्यायची आणि मदत कक्षाच्या भिंतीवर चिकटवायची. बघता बघता भिंत झाकली गेली.

"ताई, गंमत बघ. आपल्या नोंदीत लिहिलंय 'मुद्रण सेवेत त्रुटी'. आणि माणसं म्हणतात 'कागद गिळला'. पोर्टलवर ती शोधणार काय? 'कागद गिळला.' मग उपायाचं नावही तेच ठेवायचं ना?"

थोरली नुसतं "हं" म्हणाली. कल्पना चांगली होती, आणि दुखत होतं ते नेमकं तेच. एकोणीस वर्षं तिने कानांनी 'कागद गिळला' ऐकलं होतं आणि हातांनी 'मुद्रण सेवेत त्रुटी' लिहिलं होतं. तिला हे सुचलं नव्हतं.

मग एकेक गोष्ट टोचायला लागली. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना लोक करवत म्हणायचे, त्यांच्या जिभेमुळे. त्यांनी एकोणीस वर्षांत थोरलीला 'या, बसा' म्हटलं नव्हतं. धाकटीला त्यांनी स्वतःची खुर्ची दिली आणि आपण टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. थोरलीने हे काचेतून पाहिलं आणि आली तशी परत फिरली. एके दिवशी कॅन्टीनमध्ये एक नवी नर्स तिच्याकडे बघून मैत्रिणीला विचारत होती, "त्या पोर्टलवाल्या मॅडमच्या बहीण ना या?"

महिन्याभरापूर्वी धाकटी 'ताईंची बहीण' होती.

घरी तर विचारूच नका. आई दिवसभराचं सगळं धाकटीच्या तोंडून ऐकायला टपलेली असायची. "मग? त्या करवतबाई काय म्हणाल्या आज?" धाकटी नकला करून सांगायची, आई डोळ्यांत पाणी येईतो हसायची. तेच रुग्णालय थोरली एकोणीस वर्षं घरी आणत होती. आईने कधी "हो का?" याच्या पुढे विचारलं नव्हतं. थोरलीने तरी कधी नकला केल्या होत्या? पण हा विचार मनात आला की तो ती लगेच झटकून टाकायची, आणि भांडी जरा जास्तच जोरात आपटायची.

सगळ्यात वाईट म्हणजे धाकटीचा राग धरायला जागाच नव्हती. ती प्रेमाने वागायची. सकाळी डबे भरायची, ताईच्या पायाला तेल लावून द्यायची. थोरलीला वाटायचं, एकदा तरी हिने उर्मटपणा करावा, म्हणजे मला मोकळेपणाने चिडता येईल.

दुसऱ्या महिन्यात धाकटी म्हणाली, "ताई, आता मला तुझ्या डोक्यातलं सगळं हवंय. उपाय तुझ्याइतके कुणालाच माहीत नाहीत. रोज चार ते पाच बसू."

नऊ दिवस त्या बसल्या. धाकटी मधे मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग लावायची आणि विचारत जायची. थोरली सांगत जायची. स्क्रीन काळी पडली तर काय, क्ष-किरणाचं चित्र उघडलं नाही तर काय, की-बोर्डवर चहा सांडला तर काय. सुरुवातीला बरं वाटलं. मग रोज थोडं थोडं कळत गेलं की ही माहिती म्हणजेच आपण आहोत, आणि ती आपण स्वतःच्या हाताने उपसून देतोय. सातव्या दिवशी ती मनातल्या मनात मोजायला लागली, आता माझ्याकडे काय उरलं?

आठव्या दिवशी धाकटीने विचारलं, "प्रयोगशाळेतला लेबल प्रिंटर अडला तर?"

रक्ताच्या नळ्यांवर रुग्णाच्या नावाची लेबलं छापणारा तो जुना प्रिंटर थोरलीचा खास होता. तो अडला की बंद करून पुन्हा चालू करायचा, हे खरं. पण त्याआधी संगणकावर रांगेत अडकलेली जुनी कामं पुसून टाकावी लागत. नाही पुसली, तर प्रिंटर जागा होताच आधी तीच जुनी लेबलं ओकायचा. हे तिला एकटीलाच माहीत होतं. प्रयोगशाळेचा फोन आला की ती रांग इथूनच पुसायची आणि म्हणायची, "आता करा चालू." वर त्यांना ती जादू वाटायची.

टेबलावर रेकॉर्डिंगचे सेकंद पुढे पळत होते.

"बंद करायचा, दहा आकडे मोजायचे, चालू करायचा," ती म्हणाली. "बस्स."

"एवढंच?"

"एवढंच."

कुणाचं वाईट व्हावं असं तिच्या मनात नव्हतं. नीट चालणार नाही, लोक गोंधळतील, मग कुणीतरी म्हणेल, 'ताईंना विचारा.' एवढंच तिला हवं होतं. लेबल म्हणजे कागद नव्हे, कुणाचं तरी रक्त असतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या क्षणी ते तिने मनात येऊ दिलं नाही.

पोर्टल सुरू झालं त्या सोमवारी मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता. मीटिंगसाहेबांना तर पर्वणीच. त्यांनी पडद्यावर पोर्टल उघडून दाखवलं, 'कागद गिळला' असं लिहिलं, उपाय आला, आणि सभागृह हसून टाळ्या वाजवायला लागलं. धाकटीने माईक हातात घेतला. "यातला प्रत्येक उपाय माझ्या ताईचा आहे," ती म्हणाली. "मी फक्त मांडणी केली."

सगळ्यांनी माना वळवून थोरलीकडे पाहिलं. तिच्या अंगाची लाही लाही झाली. हिने दिलेलं कौतुक! माझंच मला वाटून देतेय, तेही माईकवरून! ती हसली, हात जोडले आणि पहिल्या संधीला खाली निघून आली.

पुढच्या आठवड्यात फोन निम्मे झाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याचेही निम्मे. साहेबांनी भिंतीवर एक पडदा लावून घेतला होता, त्यावर हिरवा आकडा वाढत जायचा: आज कर्मचाऱ्यांनी स्वतः सोडवलेल्या अडचणी. थोरलीने आपली खुर्ची अशी फिरवून घेतली की पडदा पाठीशी येईल. फोन वाजला की ती दचकायची. तो बहुतेक वेळा चुकीचा लागलेला असायचा.

चौथ्या आठवड्यात ते घडलं.

प्रयोगशाळेत सकाळच्या गर्दीत लेबल प्रिंटर अडला. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने पोर्टल उघडलं, वाचलं, प्रिंटर बंद केला, दहा आकडे मोजले, चालू केला. लेबलं बाहेर आली. समोर वीस माणसं उभी. तिने नाव न वाचता लेबल नळीवर चिकटवलं. नळी होती मूत्रपिंडाचे उपचार चालू असलेल्या एका आजोबांची, आणि रांगेत अडकून राहिलेलं लेबल होतं अर्ध्या तासापूर्वी रक्त देऊन गेलेल्या एका बसचालकाचं. तो गृहस्थ नेहमीच्या वार्षिक तपासणीला आला होता. दुपारी त्याला घरून बोलावून घेतलं. तुमची मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झालीत, लगेच दाखल व्हा, असं सांगितलं.

दीड दिवसाने आकडे जुळेनात म्हणून एका डॉक्टरने पुन्हा रक्त तपासलं. बसचालक ठणठणीत होता. आजोबांचीही नव्याने तपासणी झाली; त्यांचं सुदैवाने काही बिघडलं नाही.

लगोलग चौकशी बसली. तंत्रज्ञ मुलीला नाव न वाचल्याबद्दल ठपका मिळाला. मग पोर्टलवरचा उपाय पडद्यावर दाखवला गेला. खाली लेखिकेचं नाव धाकटीचं होतं. करवतबाई म्हणाल्या, "म्हणजे माझी माणसं आता हे असलं वाचून काम करणार? यापेक्षा फोनच बरा होता."

फोनच बरा होता! थोरली मागच्या रांगेत बसली होती. तिच्या छातीत काहीतरी गार, गोड उतरलं.

धाकटी उभी राहिली. "उपाय अपुरा आहे," ती म्हणाली. "तो मी प्रत्यक्ष प्रिंटरवर करून बघायला हवा होता, तो मी बघितला नाही. चूक माझी आहे." ताईचं नाव तिने घेतलं नाही.

त्या दुपारी फोन पुन्हा वाजायला लागला. पोर्टलवरचा लोकांचा विश्वास उडाला होता. "ताई, तुम्हीच सांगा बाई," "ताई, त्या पोर्टलचं काही खरं नाही." थोरली एकेकाला सांगत होती, आवाज जरा चढाच होता तिचा. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातून बोलावणं आलं, तिथला संगणक बंद पडला होता. ती स्वतः गेली. खूप दिवसांनी असं कुणी बोलावलं होतं.

टेबलाखाली वाकून ती वायर तपासत होती, तेव्हा शेजारच्या पलंगावरचा माणूस आपली पिशवी भरत होता. दणकट बांध्याचा, पन्नाशीचा. सोबत विशीतली मुलगी.

"बाबा, हळू."

"अगं, मला काही झालेलं नाही. त्यांनीच सांगितलं ना आता." मग तो थोरलीकडे वळून सहज म्हणाला, "यंत्राने घोटाळा केला म्हणे, बाई. यंत्रावर काय रागावणार? पण हिने दीड दिवस पाणीसुद्धा नीट घेतलं नाही हो. माझं मूत्रपिंड घ्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागली होती. मला कळलं तेव्हा..." त्याने पिशवीची चेन दोनदा लावली आणि दोनदा उघडली.

मुलगी लाजून म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा."

थोरली टेबलाखालीच होती. संगणकाची वायर तिच्या हातात होती, ती कुठे लावायची हे तिला आठवेना. सांगावं असं वाटलं, तोंड उघडलंही. पण तोवर ती दोघं दाराकडे निघाली होती, आणि मुलीने बापाचा हात धरला होता.

संध्याकाळी घरी आली तर धाकटी जेवणाच्या टेबलाशी कानात इयरफोन घालून बसलेली. समोर वही. आई मटार सोलत होती आणि आज काही विचारत नव्हती.

"काय ऐकतेस?"

"आपली रेकॉर्डिंगं." धाकटीने इयरफोन काढले. डोळे सुजले होते. "माझं विचारायचं कुठे चुकलं ते शोधतेय. तू सांगितलंस तसंच मी लिहिलंय, ताई. म्हणजे मी नीट खोदून विचारलं नाही. एवढंच का, असं विचारलं खरं, पण..."

"तू नीट विचारलंस," थोरली म्हणाली. "मी सांगितलं नाही."

"विसरलीस?"

इथे 'हो' म्हणून सुटता आलं असतं. धाकटीने तर दार उघडून दिलं होतं.

"विसरले नाही. मुद्दाम नाही सांगितलं."

आईचे हात थांबले. धाकटी बराच वेळ बहिणीकडे बघत राहिली, जणू चेहरा ओळखीचा आहे पण नाव आठवत नाही.

"मी पडावं म्हणून?"

"नाही गं. मला एक फोन हवा होता. लोकांना तुझं सगळं आवडायला लागलं. आईलासुद्धा. माझ्याकडे काही उरेना. वाटलं, एवढं एक माझ्याकडे राहू दे."

"एक माणूस दीड दिवस मरणाच्या भीतीने पडून होता, ताई."

"मी भेटले त्याला आज."

"सांगितलंस?"

"नाही."

धाकटी उठली. वही मिटली, मोबाइल उचलला. "मी आज तुझ्यावर ओरडणार नाही. ओरडले तर तुला बरं वाटेल," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. आईने सोललेले मटार तसेच झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी थोरली मीटिंगसाहेबांच्या दारात उभी राहिली आणि त्यांची मीटिंग चालू असतानाच आत गेली. जे होतं ते सांगितलं. करवतबाई तिथेच होत्या. त्या करवतीसारखं काहीच बोलल्या नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेच जास्त लागलं. थोरलीच्या नावावर लेखी ताकीद लागली, फोन तिच्याकडून काढून घेतला. धाकटीवरचा ठपका पुसला गेला. बसचालकाचा पत्ता मागून घेऊन थोरलीने त्याला पत्र लिहिलं, तीनदा फाडून चौथ्यांदा. यंत्राने घोटाळा केला नव्हता, मी केला होता, असं त्यात होतं. त्याचं उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षा धरणं रास्त नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

उरलेले दोन महिने दोघी बहिणी एका घरात पाहुण्यांसारख्या राहिल्या. डबे धाकटीच भरायची. पायाला तेल मात्र आता नव्हतं. कामात ती चोख होती. पोर्टलवरचे एकशे साठ उपाय तिने पुन्हा उघडले, थोरलीला समोर बसवलं आणि प्रत्येक उपाय दोघींनी मिळून खऱ्या यंत्रावर करून पाहिला. त्यात आणखी अकरा ठिकाणी ओळी कमी निघाल्या. त्या मुद्दाम गाळलेल्या नव्हत्या. हाताला इतक्या सवयीच्या होत्या की थोरलीच्या तोंडात कधी आल्याच नव्हत्या. "हे बघ," धाकटी कोरडेपणाने म्हणाली, "हे माझं चुकलं. हे मी खरंच बघायला हवं होतं."

जायच्या आधी साहेबांनी तिला विचारलं, पोर्टल पुढे कुणाच्या हाती द्यावं? ती म्हणाली, "ताईच्या. तिच्याइतकं कुणाला येत नाही. पण तिने लिहिलेला प्रत्येक उपाय दुसऱ्या माणसाने करून बघितल्याशिवाय वर चढवायचा नाही." हे तिने थोरलीच्या देखत सांगितलं. थोरलीला ते झोंबलं, आणि योग्य आहे हेही पटलं. तपासायला नेमली गेली प्रयोगशाळेतली तीच तंत्रज्ञ मुलगी. ती एकही स्वल्पविराम सोडत नसे.

धाकटी गेली. फोन करायची तो आईच्या मोबाइलवर. पाचेक महिन्यांनी एका रविवारी आई फोन कानाला लावून हसत होती. मग थोरलीकडे वळून म्हणाली, "अगं, हिला एका मोठ्या विमानतळाचं काम मिळालंय. हाताखाली चौदा माणसं!" आणि आनंदाच्या भरात मोबाइल थोरलीच्या हातात देऊन शेजारणीला सांगायला गेलीसुद्धा.

थोरलीला ती ओळखीची बोच पुन्हा जाणवली. जुनीच, त्याच जागी. ती गेली असेल असं तिला वाटलं होतं.

"ताई?" पलीकडून सावध आवाज आला. "आईने सांगितलं?"

"हो." अभिनंदन म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि निघालं ते वेगळंच. "खरं सांगू? ऐकून जळफळाट झाला माझा."

थोरलीला वाटलं, संपलं, आता फोन ठेवणार ही.

"किती?" धाकटीने विचारलं.

"भरपूर. अजून चालूच आहे."

धाकटी हसली. मोकळं नव्हे, नाकातून सुटल्यासारखं, पण हसली. "बरं. थांबला की सांग. मला त्या चौदा जणांबद्दल तुला काहीतरी विचारायचंय."

थोरली खुर्ची ओढून बसली. "थांबायची वाट बघू नकोस," ती म्हणाली. "विचार."